शनी, बाजू ब

उधना, सुरत
११ नोव्हेंबर १९९६

दादा,

वर 'श्री' लिहिलेलं नाही. आधीच्या तीन कागदांवर लिहिलं होतं, आणि तिन्ही वेळा त्याच्याखाली काय लिहावं ते सुचेना. म्हणून या खेपेला एकदम मधूनच सुरू करतो.

मी हेमराज. जिवंत आहे. दिवाळीची सुट्टी लागलीय, सगळे लूम बंद आहेत, आणि लूम बंद पडले की बमरोली कशी वेड्यासारखी करते ते तुला माहीतच आहे. लोक झोपेतून दचकून उठतात. काल एक म्हातारी दारोदार विचारत फिरत होती, काय झालं रे, काय झालं? काही झालं नव्हतं. आवाज नव्हता, एवढंच.

मी आता लूमवर नाही. उधन्याला बाबुरावांचं कॅसेटचं दुकान आहे, तिथं आहे. बाबुराव परभणीकडचे. लग्नसराईत बँडमध्ये कॅसिओ वाजवतात आणि बाकीचे दिवस लोकांना हवी ती गाणी कोऱ्या कॅसेटमध्ये भरून देतात. भरणारा मी. दोन टेप शेजारी शेजारी ठेवायचे, एक बोलतो, दुसरा ऐकतो. त्याआधी सचिन गावातल्या रंगाच्या कारखान्यात होतो, चार महिने हात कोपरापर्यंत हिरवे. तिथून कामरेजला, केळीच्या ट्रकवर. तिथं एक माणूस भेटला होता, त्याच्याकडे गुजराती बोलणारा पोपट होता, पण ते राहू दे.

गावाकडचा एकजण दुकानात आला होता. तो म्हणाला, तुझा भाऊ निंबा आता दोंडाईच्याला मिरचीच्या पथारीवर जातो. उन्हात मिरची पसरायची, परतायची, पोत्यात भरायची. चौदा वर्षं लूमवर काढलेला माणूस मिरची परततो, ऐकून कसंतरी झालं. सुंदरावहिनी कशी आहे? पूजा तिसरीत की चौथीत?

आता खरं ते लिहितो. प्लेगच्या वेळी सगळं सुरत पळत होतं. उधना स्टेशनावर तू, वहिनी, पूजा, तुझ्या डोक्यावर गाठोडं. मी खांबापाशी. मी तीन हाका मारल्या. तू माझ्याकडे बघितलंस. सरळ डोळ्यात बघितलंस दादा, आणि तोंड फिरवून डब्यात चढलास.

त्याला दोन वर्षं झाली. मी केलं ते केलं. पण भाऊ म्हणून ठेवणार आहेस की नाही, तेवढं कळू दे. एक कार्ड टाक. लिहायचं नसेल तर कोरं टाक. पत्ता तुझ्या अक्षरात असला की झालं.

हेमराज


८ डिसेंबर १९९६

दादा,

कार्ड आलं नाही. पोस्टमन रोज समोरच्या पानवाल्याकडे थांबतो, मी रोज उठून बघतो. बाबुराव म्हणतात, "प्रेमप्रकरण आहे काय?" मी म्हटलं, भाऊ आहे. ते म्हणाले, "मग नाही यायचं लवकर."

एक गंमत सांगायची आहे. वराछाच्या एका हिरेवाल्याचा पुतण्या परदेशातून आलाय. त्यानं एक कॅसेट आणली, दुसरी भरून दे म्हणाला. वरच्या कागदावर काळंभोर आकाश आणि कडं घातलेला एक गोळा. मी विचारलं, भजन आहे का? तो हसला, "ना रे, आ तो अवकाशनुं संगीत छे." अवकाश म्हणजे वरचं आकाश, ग्रह-तारे.

लावली. गाणं नाही. तबला नाही. एक सूर येतो आणि जातच नाही. तो असतानाच दुसरा येतो, त्याच्या मागे उभा राहतो. मला वाटलं टेप अडकला. झाकण उघडून बघितलं, फिरत होता. पंचेचाळीस मिनिटं मी खुर्चीवर बसून होतो, दादा. मी! तू म्हणायचास ना, हेमाच्या बुडाखाली निखारे आहेत म्हणून. एक गिऱ्हाईक येऊन परतसुद्धा गेलं, बाबुराव चिडले.

मग रद्दीवाल्याकडून सातवीचं विज्ञानाचं पुस्तक आणलं. त्यात लिहिलंय, वर हवा नसते म्हणून आवाजही नसतो. तिथं एकानं कितीही बोंब मारली तरी शेजारच्याला ऐकू जायची नाही. मग तो परदेशी माणूस कसला आवाज काढतो? दोन दिवस हेच डोक्यात. भात करपला.

तर मी ठरवलंय, आपण अशी कॅसेट काढायची. आपली स्वतःची. नऊ ग्रह, दोन बाजू. हसू नकोस. नाहीतर हस, पण हसलो असं लिहून कळव.

हेमराज


१९ जानेवारी १९९७

दादा,

हातात कॅसिओ असला की मी बरा असतो, हे मला आता कळलं. बाबुराव दुपारी दोन तास वाजवू देतात. मी एक पट्टी दाबतो, फटीत आगकाडी खोचतो, की तो सूर आपोआप चालू राहतो, मग दुसऱ्या हातानं दुसरा. बाबुराव ओरडतात, "काडी काढ, पट्टी बसेल! लग्नात काय आगकाडीनं वाजवू?" अशा आगकाड्यांवर बुध आणि शुक्र झाले. मंगळाला स्टोव्हचा आवाज घातला. चंद्र नीट होत नाही. चंद्र फार सोपा होतोय.

शनी मात्र होईना. शनी जड पाहिजे, आणि कॅसिओचा सगळ्यात खालचा सूरसुद्धा म्हशीच्या रेडकासारखा ओरडतो. मग एकदा टेपचे सेल उतरले आणि बाईचं गाणं पुरुषाचं झालं, आणखी उतरले तर राक्षसाचं. तेव्हा डोक्यात आलं. हातातला छोटा टेप घेतला आणि सरळ बमरोलीला गेलो, आपल्या शेडच्या मागच्या भिंतीला. आत कोण घेणार मला? भिंतीला टेप टेकवून अर्धा तास लूम भरून घेतले. नंतर तीच कॅसेट उतरलेल्या सेलांवर लावली आणि तो आवाज दुसऱ्या टेपमध्ये भरून घेतला. दादा, तो खटाखट खटाखट नाहीसाच झाला. राहिलं ते धुम्म. मग बराच वेळ काही नाही. मग धुम्म. जसं कोणी फार मोठं, फार लांबून चालत येतंय. फक्त मध्येच एक ठोका लंगडतो. काही केल्या जात नाही. राहू दिला.

त्या भिंतीपाशी उभं राहिल्यावर ते आठवणारच. तुला वाटत असेल मी कामाला कंटाळून पळालो. तसं नाही. रस्त्यानं वरात चालली होती, आणि बँडमध्ये कॅसिओवर कोणीतरी एक सूर धरला आणि सोडलाच नाही. आत लूमच्या गोंगाटात दुसरं काही ऐकू येत नव्हतं, तोच एक दारातून येत होता. दोन मिनिटांत येतो असं मनाशी म्हणून बाहेर पडलो आणि पांडेसऱ्यापर्यंत गेलो. मागं माझे सहा लूम चालूच. धोटा अडकला, ताण्याचे धागे शेकड्यांनी तुटले, अख्खं कापड गेलं. शेडच्या मास्तरनं तुला सगळ्यांपुढे उभं केलं, "तुझ्या शब्दावर घेतला होता ह्याला." तू एक शब्द बोलला नाहीस. (तो सूर धरणारे बाबुरावच होते. त्यांना ते आठवतही नाही.)

त्या संध्याकाळी तू मोरीत पाय धूत होतास. मी मागं उभा राहून म्हटलं होतं, "दादा, चुकलं माझं." तू तांब्या ठेवलास, माझ्या अंगावरून गेलास आणि ताटावर बसलास. दादा, मी आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी चुकलं म्हटलंय. म्हणून घर सोडलं. कापडामुळे नाही.

कॅसेटवर नाव घातलं, 'नवग्रह'. बाबुराव म्हणतात बाकी सगळं ठीक, पण शनीला वेगळी अख्खी बाजू कशाला? "साडेसाती विकत घेऊन घरी कोण नेईल रे?" मी म्हटलं, बाजू ब शनीचीच राहणार.

हेमराज


२ मार्च १९९७

दादा,

आज मी चिडलोय, अक्षर बघूनच कळेल.

पन्नास कॅसेटी भरल्या. कागदावर मी स्वतः काळी शाई फासून कडं काढलं. पहिल्या आठवड्यात वीस गेल्या! मला वाटलं झालं, मी मोठा माणूस झालो. मनात मुंबईला जाऊनसुद्धा आलो. मग मालतीबाई आल्या. लिंबायतच्या, ठणठणीत बाई, दारातूनच सुरू.

"मंत्र कुठायत?"

मी म्हटलं, कसले मंत्र?

"नवग्रहाची कॅसेट ना ही? पाट मांडला, निरांजन लावलं, अख्खं घर हात जोडून बसवलं. नुसतं घूं घूं घूं. मी म्हटलं आत्ता सुरू होईल, आत्ता भटजी बोलेल. अर्धा तास बसलो! ह्यांचे हात भरून आले!"

बाबुराव हसून हसून टेबलाखाली. मग कळलं, वीसच्या वीस लोकांनी पूजेचीच म्हणून नेली होती. शनिवारी तर तिघं आले. एकानं बाजू ब लावून टेपवर तेल वाहिलं होतं. टेप बिघडला, तो माझ्याकडून दुरुस्त करून मागत होता.

कोणीही, एकानंही, नुसतं ऐकलं नाही.

आणि तूही नाहीस. हे चौथं पत्र आहे. कोरं कार्डसुद्धा टाकवत नाही तुला. वापीला एका ट्रकवर जागा आहे, तिकडून पुढं बघू. मी आता लिहिणार नाही. लिहून भिंतीला सांगायचं तर बमरोलीची भिंत जवळ आहे.

हेमराज


३० मार्च १९९७

दादा,

वापीला गेलो नाही. नीट वाच. खूप गोष्टी आहेत आणि मला त्या नीट क्रमानं मांडता येत नाहीत.

विठ्ठल आला होता. तुझा जोडीदार, तुझ्या पलीकडच्या रांगेतला, मिशीवाला. भजनाची कॅसेट भरायला. मी विचारलं, कुठली भजनं? तो म्हणाला, "हो हो, बरा आहे." मी परत विचारलं. तो हसला आणि मान हलवली. मग माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला, तू बघायचास ना, रागानं बघतोय असं वाटायचं, तस्साच. मी भजन लावून दाखवलं, तो खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं म्हाताऱ्याला पसंत नाही. कॅसेट काढली, चुकून हातात 'नवग्रह' आली, बाजू ब लागली.

विठ्ठल गर्रकन वळला. स्पीकरच्या खोक्यापाशी आला आणि त्यावर दोन्ही तळहात ठेवले.

"हाई काय लावं रे भो? हाई माले ऐकू येस!"

आपली अहिराणी. मला ऐकू येतंय म्हणाला. डोळे भरले त्याचे. बाबुराव बघतच राहिले. मी त्याच्या समोर उभं राहून, तोंड मोठं करून विचारलं, बाकीचं ऐकू येत नाही का? तो म्हणाला, बारीक आवाज सगळे गेले. पोरीबाळींचं बोलणं, भांड्यांचा, सायकलची घंटी. जाडे आवाज थोडे उरलेत. लूमनं खाल्ले. आणि वर असं बोलला जसं काही मला माहीतच आहे, "निंबाचं तर माझ्याआधी गेलं. प्लेगच्या आधी दोन वर्षं."

दादा.

मला कसं कळलं नाही? शेडमध्ये कोणाला कसं कळणार! तिथं सगळेच खुणांनी बोलतात. धागा तुटला, दोन बोटं. मास्तर येतोय, कपाळाला हात. चहा, अंगठा ओठाला. तिथं बहिरा आणि ऐकणारा एकच. आणि घरी तू कधी जास्त बोलायचासच नाही. वहिनी तुझ्या पुढ्यात येऊन बसल्याशिवाय बोलायची नाही, मला वाटायचं कौतुक करून घेतो. मोरीत तुझी पाठ माझ्याकडे होती. मास्तर बोलला तेही तुला कळलं होतं की नाही?

आणि स्टेशन. आता खरं सांगतो. तीन हाका मी मारल्या नव्हत्या. एकच मारली होती. तीही दबक्या आवाजात, तू ओळख देशील की नाही या भीतीनं. तीन मी नंतर केल्या, मनात, एकेक करून, म्हणजे तुझा दोष मोठा दिसेल. आणि तोंडाला रुमाल होता. प्लेग नव्हता का, सगळ्या सुरतनं नाकातोंडाला रुमाल बांधला होता. तू बघितलंस तेव्हा तुला माझे डोळे दिसले असतील फक्त. ओठ कुठं होते दिसायला?

कॅसेट पाठवतोय. पूजाला सांग, आधी बाजू अ लावू नको, ती राहू दे. बाजू ब. खोक्यावर हात ठेव. सेल नवे टाक. मी काय म्हणालो होतो ते आता लिहून देतो, म्हणजे हरवायचं नाही:

दादा, चुकलं माझं.
दादा, मलाही घेऊन चल.

पहिलं मोरीपाशी. दुसरं स्टेशनावर.

हेमराज


१७ एप्रिल १९९७

दादा,

पत्र आलं. पोस्टमननं पानवाल्याकडूनच हात वर करून दाखवलं. पूजाचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, तिला सांग. वहिनीनं सांगितलं तसं तिनं लिहिलंय, मध्येमध्ये स्वतःचंही घुसवलंय. 'काका, आमच्याकडे शेळी आहे' हे काही वहिनीनं सांगितलं नसणार.

मी ते पत्र दुकानात वाचलं, मग धाब्यावर जाऊन वाचलं, मग बाबुरावांना वाचून दाखवलं. तू ऐकलंस ते पूजानं असं लिहिलंय, मी तसंच उतरवतो कारण मला परत लिहून बघायचंय: 'बाबांनी टेप मांडीवर घेतला. मी बाजू अ लावली, बाबा म्हणाले चालू कर. मी म्हटलं चालूच आहे. मग बाजू ब लावली. बाबांनी त्यावर हात ठेवले. मग पोटाशी धरला. मग आईला म्हणाले, हे आपलं शेड आहे. संपेपर्यंत जेवायला उठले नाहीत. मग म्हणाले, हेमाला लिही, सात नंबरच्या लूमचा पट्टा ढिला आहे.'

दादा, तो लंगडा ठोका! मी किती दिवस तो घालवायला धडपडत होतो. मी काल बमरोलीला गेलो, विठ्ठलला आतून बोलावून खुणेनं सांगितलं. तो गेला, बघून आला, आणि मला लांबूनच दोन्ही हात जोडून दाखवले. सातच नंबर होता. दोन अडीच वर्षांत तुझं मला पहिलं बोलणं, आणि तेही कामातली चूक काढणारं. मी रस्त्यात उभा राहून एकटाच हसलो. लोक बघत होते.

खाली वहिनीनं लिहवलंय तेही वाचलं. 'ते म्हणतात, हेमा खांबाशी उभा होता, रुमाल बांधून. मी वाट बघितली. एक शब्द बोलला नाही. म्हणून वाटलं, याला यायचं नाही.' म्हणजे तू मला ओळखलं होतंस. म्हणजे तूही दोन वर्षं हेच धरून बसलास, की मी बोललो नाही.

यावर दोनदा लिहिलं, खोडलं.

सध्या संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला वायव्येला शेपटीचा तारा दिसतो, तुमच्याकडेही दिसत असेल. इथं गच्च्या भरलेल्या असतात. मालतीबाई म्हणतात अपशकुन आहे, आणि रोज बघायला पहिल्या त्याच येतात. बाबुराव म्हणाले, "घे, तुझी जाहिरात वर लागलीय, आता नवी कॅसेट काढ." मी म्हटलं काढीन, आल्यावर.

कारण मी येतोय. रविवारी भुसावळ पॅसेंजरनं, पथाऱ्या उठायच्या आत. राहायला की भेटायला ते मलाच ठाऊक नाही, माझं तुला माहीत आहे. पण येतोय. छोटा टेप आणतो. मिरची परततानाचा आवाज कसा असतो ते मला ऐकायचंय. कदाचित त्यातून मंगळ परत करता येईल, स्टोव्ह काही खरा वाटत नाही.

पूजानं लिहिलंय की पथारीवर सगळे तोंडाला फडकं बांधतात, नाहीतर खोकून जीव जातो. तू बांध. तू वाकून काम करत असशील, पाठ रस्त्याकडे असेल. मी मागून हाक मारणार नाही. सगळ्या पथारीला वळसा घालून तुझ्या समोर येईन, अंगठा ओठाला लावीन, तू वर बघशील तोवर थांबेन, आणि मग बोलेन.

फडकं मी बांधणार नाही. ठसका लागला तर लागू दे.

तुझा
हेमा